नुसतं बघणे

खारवण गावात माणूस हरवला की तो आहे की नाही हे नगरपालिकेतला प्रोग्राम तपासतो, आणि नसेल तर त्याच नावाचा रिकामा माणूस नवा करून घरी पाठवतो. याचं गावात कुणाला नवल वाटत नाही. पोस्टमास्तरांचा मेहुणा असाच आलेला आहे, पिठाच्या गिरणीबाहेर बसून असणारे आजोबाही. रिकामी माणसं त्रास देत नाहीत. हाक मारली की वळून बघतात, ताट वाढलं की जेवतात. भरलेला माणूस परत आल्याचं मात्र गावानं अजून पाहिलेलं नाही. हरवलेली माणसं बहुधा मेलेलीच असतात, असं लोक धरून चालतात.

शैलजा खातूचा नवरा मोरेश्वर आचारी होता. तुळशीचं लग्न लागल्यावर पहिल्याच मोठ्या ऑर्डरला तो कढया, झारे टेंपोत टाकून गेला. टेंपो परत आला, झारे आले, मोरेश्वर आला नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत तो होता, मग हात धुवायला म्हणून मागच्या नळावर गेला, एवढंच मंगल कार्यालयवाल्यांना सांगता आलं.

संक्रांतीची हळदीकुंकवं सुरू झाली तशी शैलजाची पंचाईत झाली. शेजारच्या इंदुमतीबाईंनी तिला बोलावलं, वाण दिलं, तिळगूळ दिला. मग करंड्यात बुडवलेलं बोट तिच्या कपाळापर्यंत नेऊन त्या थांबल्या.

"लावू ना गं?"

आजूबाजूच्या बायका आपापल्या वाट्यांकडे बघू लागल्या. बोट बराच वेळ तसंच राहिलं आणि शेवटी इंदुमतीबाईंनी ते हळूच पदराला पुसलं.

घरी येऊन तिनं दीनानाथला निरोप धाडून बोलावून घेतलं. दीनानाथ तिचा धाकटा दीर. थोरल्या भावाच्या हाताखाली वाढपी म्हणून राबण्यात त्याची निम्मी हयात गेली होती.

"भावोजी, मी उद्या नगरपालिकेत जाऊन तपासणी लावते."

"नको वहिनी," तो म्हणाला. "विचारलं नाही तोवर दादा कुठंतरी आहे. कुठल्या तरी भटारखान्यात कुणावर तरी ओरडत असेल."

"असेल तर घरी येईल. नसेल तर नाही म्हणून कळेल. मला यातलं एक काहीतरी हवंय."

दीनानाथ चहा न घेताच उठला.

तपासणीच्या खिडकीशी लोखंडे नावाचे कारकून बसत. माणूस मऊ होता. शैलजाला त्यांनी बसायला स्टूल दिलं आणि नाव विचारलं.

"मोरेश्वर विठोबा खातू."

"अक्षर न् अक्षर बरोबर सांगा, ताई. आळी कुठली, घर कुठलं, सगळं. एक वेलांटी चुकली तरी तो दुसरीकडेच जाऊन बघतो, आणि मग भलत्याच घरी माणूस उभा राहतो."

तिनं सगळं नीट सांगितलं. लोखंड्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं, तिनं मान हलवली, त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"झालं?"

"झालं. उत्तर घरीच येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरेश्वर दारात उभा होता. तीच उंची, तेच पुढे आलेले कान. शैलजानं "अहो" म्हटलं, तेव्हा त्यानं वळून बघितलं नाही. "मोरेश्वर" म्हटल्यावर बघितलं. तिनं त्याचे हात हातात घेतले. वर्षानुवर्षं उकळतं तेल उडून त्या हातांवर कोपरापर्यंत डाग पडलेले होते. आता कातडी तान्ह्या मुलाची असावी तशी नितळ होती.

तिनं त्याला खाटेवर बसवलं, इंदुमतीबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती तशीच नगरपालिकेत गेली.

"म्हणजे ते नव्हतेच ना, साहेब?" तिनं विचारलं. "मेलेच होते ना? एवढं सांगा, म्हणजे मी सुतकाचं बघते."

लोखंड्यांनी चष्मा काढला. "तसं सांगता येत नाही, ताई. आमचा प्रोग्राम तपासतो म्हणजे माणूस लिहायला उघडतो. नसेल तर नवा करून उघडतो."

"आणि असेल तर?"

"असेल तर आहे तोच उघडतो. पण लिहायला उघडायचं म्हटलं की आधीचं पुसलं जातं. पाटी पुसतो ना आपण लिहिण्याआधी, तसं."

शैलजा स्टुलावर बसली. मागे रांगेत उभा असलेला माणूस खोकला.

"म्हणजे कालपर्यंत ते कुठंतरी असतील. धडधाकट. आणि मी विचारलं म्हणून..."

"असतीलही. नसतीलही. दोन्हीतून माणूस सारखाच निघतो. शेवटचा हात कधी लागला तेवढी तारीख राहते, ती कालची आहे."

"पुसल्याशिवाय बघायची काही सोयच नाही?"

"आहे ना," लोखंडे म्हणाले. "नुसतं बघणे. पण तुम्ही तपासणी म्हणालात."

लोखंड्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी आपणहून मोरेश्वरचं नाव पुन्हा घातलं, या वेळी नुसतं बघण्यासाठी, आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर लिहिलं होतं: आहे.

"आता जपा," ते म्हणाले. "पुढचे काही दिवस जे सांगाल ते त्यांच्यात उतरतं. पहिल्यांदा सांगितलेलं पक्कं बसतं."

ती घरी पोचली तेव्हा दीनानाथ दाराबाहेर चपला घालूनच उभा होता. लोखंडे काय म्हणाले ते तिनं त्याला सगळं सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा दगडासारखा होत गेला. "मारलंत तुम्ही त्याला," तो म्हणाला. तिनं नाही म्हटलं नाही. पण तो गेला नाही. चपला काढून आत आला आणि भावाच्या पायाशी बसला. इंदुमतीबाई पुढ्यात ताट ठेवून गेल्या होत्या. वरणभात, लिंबाची फोड. मोरेश्वर त्याकडे बघत होता.

"मी कसा होतो?" त्यानं विचारलं. आवाज तोच होता, पण त्यात कुणीच नव्हतं.

दीनानाथनं डोळे पुसले. "देवमाणूस होतास, दादा. कधी कुणाला..."

"थांबा भावोजी," शैलजा म्हणाली. तिनं पदर खोचला आणि ती नवऱ्यासमोर बसली. "तापट होतात तुम्ही. जेवणात जरा कमीजास्त झालं की ताट भिरकावायचात."

"वहिनी, हे कशाला? आता तो तसा कुठं राहिलाय?"

"मग दुसरं कोण बसलंय इथं, भावोजी?"

मोरेश्वरनं थोडा विचार केला. मग ताट उचललं आणि हलकेच बाजूला टाकलं. वरण फरशीवर पसरत गेलं.

"असं?" त्यानं विचारलं.

"नाही," शैलजा म्हणाली आणि उठून दुसरं ताट वाढू लागली. "आधी माझ्याकडे बघायचात."