भोंग्याने तोंड बंद ठेवलं

"गटप्रमुखाचं पद यंदाही आपलंच!" प्लंबरने आरशासमोर जाहीर केलं.

बायबलचा अभ्यासगट तो वर्षभर आपल्या बैठकीच्या खोलीत चालवत होता. चालवत होता म्हणजे एकटाच बोलत होता! गटातले लोक त्याला प्रेमाने भोंगा म्हणत. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी तंबी दिली, "गटप्रमुखाने उत्तरं द्यायची नाहीत. प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. कुणी विचारलंच, तर उलट त्यालाच विचारायचं. रविवारी मी येऊन बघतो. नाही जमलं, तर गट तुमच्यातल्याच शिंप्याकडे."

शिंप्याकडे! त्यापेक्षा जीभ छाटून दिलेली परवडली.

रविवारी पाळकसाहेब कोपऱ्यात बसले. बायको चहाचं बघायला आत गेली. प्लंबरने विचारलं, "मेलेले पुन्हा उठतील, हे आपण कशावरून म्हणतो?" आणि तोंडाला कुलूप लावलं.

गटाला सवय नुसती ऐकायची! नर्सबाईंनी मान खाली घातली. ड्रायव्हरनेही घातली. शिंपी कशाला बोलतोय, त्याच्याकडे तर पद आपल्या पायांनी चालत येत होतं. पाळकसाहेबांना वाटलं, प्रार्थना सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले.

शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका खिडकीसमोरून चालले होते. भोंग्याच्या घरात शांतता? सगळ्यांच्या माना खाली? आणि वहिनी कुठेच दिसत नाहीत? ते लगबगीने आत आले.

"भाऊ, काय झालं हो?"

"तुम्हाला काय वाटतं?" प्लंबर म्हणाला. उत्तर घशात तुंबलं होतं, पण नियम म्हणजे नियम.

"वहिनी...?"

"वहिनींबद्दल आपण काय सांगू शकतो?"

पोस्टमनकाका ओक्साबोक्शी रडू लागले. "देवमाणूस हो! तुमच्यासारख्याबरोबर संसार केला, पण कधी हूं की चूं नाही!"

गटाला वाटलं, ही शिकवायची नवी पद्धत. ड्रायव्हरने तर टिपणं काढायला घेतली.

तेवढ्यात बायको दारात आली. "अहो, साखर किती घालू?"

"उठल्या!" पोस्टमनकाका किंचाळले आणि शिंप्याच्या मांडीवर कोसळले.

नर्सबाईंनी पाणी मारून त्यांना शुद्धीवर आणलं. सगळा खुलासा झाला. पाळकसाहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "इतकी वर्षं हा धडा शिकवतोय, पण कुणाच्या काळजाला इतका भिडलेला पाहिला नाही. गट तुमच्याकडेच राहील."

प्लंबरला आभाळ ठेंगणं झालं. "अगं, ऐकलंस का? सगळ्यांना चहा आण!"

"मी वारले म्हणे," आतून आवाज आला. "चहा आता विधुराने करायचा."