सिद्रामप्पांचे कान

सिद्रामप्पांची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली, पण अर्धीच. लोक हसले की मी थांबायचो. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत मी स्वतः आहे, म्हणून ती सांगायचं टाळत आलो. आता टाळण्याइतके दिवसही हाताशी राहिलेले नाहीत.

तर, सिद्रामप्पा भाकरी आधी कानाने खात. आमच्या सोलापूरची कडक भाकरी, पापडासारखी. ती कानाजवळ धरायची, डोळे मिटायचे आणि काडकन मोडायची. आवाज पटला तर जेवण सुरू. नाही पटला तर शेजारची जी म्हातारी त्यांना भाकऱ्या करून देई तिला निरोप जाई, "आज तवा रुसलाय." म्हातारीचा उलटा निरोप येई की भाकरी पोटात घालायची असते, कानात नव्हे.

ते गिरणीत साचेखात्यात जाबर होते, म्हणजे मागांवरचे मुकादम. शेकडो माग एकदम खडखडत असत. तिथे माणसाला माणूस ऐकू येत नसे. कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलत. त्या गदारोळात सिद्रामप्पा मध्येच बोट वर करत, तडक एका मागापाशी जात आणि म्हणत, "ह्यो कुरकुरतोय." कधी तो खरंच बिघडलेला असे. कधी नसे, मग सिद्रामप्पा तो बिघडेपर्यंत तिथेच उभे राहत.

बाजारात त्यांना लांबून बघूनच कुंभारीण माठ झाकायला लागे. पाहुण्याच्या खोकल्यावरून तो जेवून जाणार की मुक्काम करणार, हे ते ओळखत. कुणी हुज्जत घातली तर त्यांचं वाक्य ठरलेलं: "माणूस खोटं बोलंल की. आवाज न्हाय बोलत."

अशा माणसाने फटफटी घेतली. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाची होती. साहेब बराच वेळ काही समजावून सांगत होता. अप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. इंजिनाला कान लावला, "निरोगी हाय" म्हणाले आणि घेऊन आले. मी तेव्हा गिरणीच्या कचेरीत कारकून होतो आणि आमच्या घरांची भिंत एक होती. म्हणून दर रविवारी मला मागे बसवून ते होटगीपर्यंत जात, रेल्वेच्या रुळांपाशी थांबत आणि परत येत. अप्पा देहाने भक्कम, मी काडी. लोक म्हणत, जाबर पाठीला छत्री बांधून निघाले.

आता माझी अर्धी गोष्ट.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. मेव्हणा कुर्डुवाडीहून आला. तिथे तो रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता आणि चाकांविषयी फार बोलायचा. त्याच्यासमोर आपणही काही कमी नाही हे दाखवायला मी अप्पा गिरणीत पाळीवर गेल्याचं बघून त्यांची फटफटी काढली. विचारलं नाही. पहिल्याच वळणावर एक म्हैस शांतपणे उभी होती. ती शेवटपर्यंत शांतच राहिली. पुढच्या चाकावरचा मडगार्ड मात्र आत दबला. मेव्हण्याने गुडघा लावून तो वर ओढला, फडक्याने पुसला आणि म्हणाला, "दाजी, देवाला बी कळायचं न्हाय." मी चालवून बघितली. काही आवाज नाही. जागेवर ठेवून दिली.

देवाला कळलं नाही. रविवारी अप्पा गाडीवर बसले आणि त्यांच्या वजनाने पुढची स्प्रिंग दबून तो पत्रा टायरला टेकला. गाडी हलल्याबरोबर सुरू झालं: खस्, खस्, खस्. पाट्यावर कुणी जाडं मीठ वाटत असावं तसं.

"गप," अप्पा म्हणाले. मी बोलतच नव्हतो.

पुढे चाकाचा जो शोध सुरू झाला तो सगळ्या आळीने पाहिला. अप्पांनी चाक काढून घरात आढ्याला टांगलं आणि फिरवून ऐकलं. आवाज नाही. चाकाला एरंडेल पाजलं. मला गाडीवर बसवून स्वतः वाकून, चाकाला कान लावून शेजारून पळाले. माझ्या वजनाने स्प्रिंग दबेना, म्हणून तेव्हाही आवाज नाही, पण पटक्याचा शेमला आऱ्यांत गेला आणि अख्खा पटका उलगडून चाकाला गुंडाळला गेला. बायका दारांत उभ्या राहून तोंडाला पदर लावत होत्या. म्हातारीने विचारलं, "जाबर, चाकाला मुंडावळ्या बांधल्या काय?"

अप्पा स्वतः बसले की मात्र खस्, खस्.

शेवटी एका रविवारी होटगीच्या रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळून बसले. म्हणाले, "कारकुना, साचेखात्यात समद्यांचे कान माग खाऊन बसल्यात. तू हापिसातला, तुजे कान कोरे. खरं सांग. येतोय का आवाज?"

म्हैस माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आवाज आहे म्हणालो तर आज ना उद्या मडगार्ड, मग मेव्हणा, मग मी. मी म्हणालो, "नाही हो अप्पा. मला तर काहीच येत नाही."

त्यांनी वाद घातला नाही. मान हलवली आणि गाडी वळवली. घरी येईपर्यंत तो आवाज माझ्याही कानात ओरडत होता.

तीन-चार दिवस मला जेवण गेलं नाही. मग ते पाळीवर असताना मी हळूच जाऊन तो पत्रा नीट वर उचलून बसवला. म्हटलं, झालं गेलं मिटलं. रविवारी अप्पा एकटेच चक्कर मारून आले. मी उत्सुकतेने दारात उभा.

"बंद झाला," ते म्हणाले.

"मग बरं झालं की."

"आवाज न्हाय बंद झाला. कान बंद झाले." ते पायरीवर बसले. "साचेखात्यात आसंच हुतंय. आदी कान वाजत्यात, मग जात्यात. तूच सांगितलास की आवाज न्हवता म्हणून. म्हंजी वाजत हुते माजे कान. आता तेबी थांबलं."

मी म्हणालो, पण माझं बोलणं तर तुम्हाला ऐकू येतंय. ते म्हणाले, "जाडं येतंय. बारीक गेलं."

त्यानंतर त्यांनी खरोखर ऐकणं सोडलं. मॅनेजरकडे जाऊन मागांवरची जागा स्वतःहून सोडली आणि कापडाच्या गोदामात गेले. सगळी आळी त्यांच्याशी ओरडून बोलू लागली आणि चांगल्या धडधाकट कानांचा तो माणूस दचकत, मान हलवत आमचे ओठ वाचू लागला. माझी मिशी आड येते म्हणून त्यांनी मला ती कापायला लावली. मी कापली. तेवढंच माझ्याकडून झालं.

फटफटीही त्यांनी मला देऊन टाकली. बहिऱ्याने रस्त्यावर गाडी चालवू नये, लोक मरतील, असं म्हणाले. मी नको नको म्हणत होतो. "तुजे कान चांगले हायेत," ते म्हणाले, "आन् तू खोटं बोलत न्हाईस."

मी घेतली.

मग रविवारी मी पुढे आणि अप्पा मागे. माझ्या खांद्यावर त्यांचा जड हात असे आणि मधूनमधून विचारणं असे, "येतोय का रं?" मी नकाराची मान हलवी. आता ते खरं होतं.

एकदा होटगीला रुळांपाशी बसलो असताना त्यांनी फडक्यातून भाकरी काढली, पाण्यात बुडवली आणि खायला लागले. मोडली नाही, कानाशी नेली नाही. मी बघतोय हे त्यांना कळलं. म्हणाले, "माजी बायकू मुकी हुती. तुला ठावं न्हाय, तू नंतर आलास हितं राहायला. जेवायला बलवायचं म्हंजी चुलीपाशी बसून भाकरी मोडायची. मी आसंन तितनं यायचो. अंगणात आसू दे, गल्लीत आसू दे. ती गेल्यावर मीच मोडायचो." भिजलेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला. "आता ऐकू येत न्हाय तर कशाला मोडायची?"

मी त्यांच्या समोर जाऊन बसलो. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, लहान मूल घासाकडे बघतं तसे. माझे ओठ हलले. त्यांनी नीट वाचलं आणि उठून पटका सारखा केला. "उशीर झाला, चला," असं मी म्हणालो होतो.

पुढे तसे खूप रविवार आले. मग अप्पा गेले.

अप्पा, आवाज येत होता. मलाही येत होता.