उसनं बोट

"चाळीस वर्षं सुई धरली, ती लोकांच्या कापडात घालायला. स्वतःच्या अंगात नव्हे," मास्तर शिलाई मशीनमागून पुटपुटले.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने साखर मोजायचं यंत्र आणि वही घरी दिली होती. रोज सकाळी बोट टोचायचं, आकडा लिहायचा. आकडा उतरला नाही, तर इन्सुलिनची सुई, रोज. ते ऐकल्यापासून मास्तरांनी दोन्ही हात काखेत धरले होते.

"अहो, मुंगी चावल्यासारखं होतं."

"मग तूच चाववून घे."

"आणा इकडे!" बायकोने बोट पुढे केलं. नवऱ्यापायी तिने काय काय सोसलं होतं. त्यात रक्ताच्या एका थेंबाचं ते काय? शिवाय ती धडधाकट. तिचा आकडा वहीत गेला, की सुईची ब्याद टळली.

आकडा आला दोनशे ब्याण्णव.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

"नवं आहे. रुळायला वेळ लागतो," मास्तर म्हणाले. यंत्रांतलं त्यांना कळत असे.

वही कोरी कशी ठेवणार? आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी तीनशे सात. उद्या उतरेल, असं दोघांनाही रोज वाटे. 

वही पाहून डॉक्टरांनी मास्तरांच्या गोळ्या वाढवल्या. सुनेने त्यांचं ताट निम्मं केलं. काढलेलं टाकायचं कसं, म्हणून ते सासूच्या ताटात. आकडा आणखी चढला, गोळ्या आणखी वाढल्या. मास्तरांना दरदरून घाम फुटू लागला, हात थरथरू लागले. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

"मास्तर, उजवा हात कुठे घालू?"

"खिशात," मास्तर म्हणाले. हसले मात्र नाहीत.

सुनेला सासूच्या बोटांवरचे लाल टिपके दिसले. त्या दिवसापासून ती भांडी स्वतः घासू लागली.

बायकोच्या पायाच्या अंगठ्यावरचा फोड दोन महिने बरा होत नव्हता. ती चपलेला शिव्या देऊन मोकळी होई. एका सकाळी पलंगाखाली तिला कापडी सपाता दिसल्या. आत दुहेरी अस्तर, अंगठ्यापाशी सैल जागा. माप कुणी घेतलं नव्हतं. तिने त्या पायात घातल्या.

आणि एका दुपारी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता मास्तर टेप धरूनच खाली बसले. सुनेने धावत जाऊन सिस्टरला आणलं. बोट मागे ओढायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. सिस्टरने टोचलं. चोपन्न.

तिने घाईघाईने त्यांना साखरपाणी पाजलं. जरा वेळाने त्यांची नजर स्थिरावली, तशी तिने वही उघडली. "सकाळी तीनशे चाळीस, आणि आत्ता चोपन्न? मास्तर, यंत्र खोटं की वही?"

"ते मशीनच पहिल्यापासून..." सून चाचरली.

बायकोने सपातेतला पाय हळूच खुर्चीखाली ओढला. तो ओढताना मास्तरांनी पाहिला.

"यंत्र खरं आहे, सिस्टर. वहीही खरी आहे," ते म्हणाले. "बोट हिचं आहे. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं... अगं, दाखव तो पाय त्यांना."