तीनऐवजी पुन्हा दोन

आपल्या जुन्या पेटी-कॅमेऱ्याच्या फिल्म होल्डरांना नंबर घालायचं काम फोटोग्राफर हेमराजने वडिलांकडे, बंडूजींकडे दिलं आणि तिथंच घोटाळ्याचा मुहूर्त लागला. बंडूजींनी जन्मभर समुद्रपुरात धान्य मोजलेलं.

"बाबूजी, ही चपटी पेटी म्हंजे होल्डर. दोन्ही बाजूले एकेक फिल्म. बाजूबाजूले नंबर टाका, म्हंजे कोन्ती वापरली ते समजते."

होल्डर दोन, बाजू चार. बंडूजींनी पहिल्या बाजूवर लिहिलं 'लाभ'. धान्याच्या पहिल्या मापाला कोणी एक म्हणतं का? मग लिहिलं दोन. दुसऱ्या होल्डरपाशी ब्रश थबकला.

"तीन नाई लिहीत मी. तीन तिगाडा, काम बिगाडा. पुन्हा दोनच लिहितो."

"अन् मले कसं समजन कोन्ता दोन?"

"ज्याले धंदा समजते, त्याले माल समजते," म्हणत बंडूजींनी शेवटच्या बाजूवर चार काढून ब्रश धुतला.

वेळ नाजूक होती. वडनेरचे रूपराव आपली लेक काजल हेमराजला द्यायची की नाही, हे स्वतःचा फोटो काढवून घेऊन ठरवणार होते. काजल केव्हाची तयार होती. पण मोबाइलच्या जमान्यात डोक्यावर काळं फडकं घेणारा माणूस संसार करेल, हे रूपरावांना पटत नव्हतं.

सकाळी एक शेतकरी विकाऊ बैल घेऊन अंगणात आला. बैलाचा रुबाब मोबाइलात मावत नाही, अशी त्याची तक्रार. हेमराजने बैल 'दोन'वर काढला. दुपारी रूपराव फेटा बांधून बसले, तेव्हा त्याने आठवणीने दुसरा 'दोन' उचलला. निदान त्याला तसं वाटलं.

"हालू नका, मामाजी."

"अजून मामाजी नाई झालो. काढ."

फोटो धुऊन निघाला. रूपरावांच्या फेट्यातून शिंगं, छातीवर वशिंड, आणि खांद्यावरून शेपूट उपरण्यासारखी पडलेली. हेमराजने दोन्ही 'दोन' उलटेपालटे करून पाहिले. बंडूजी मात्र शांत.

"एकाच दोनवर दोघं आले. तीन लिहिला असता तं तिसरा कोन आला असता, बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी हेमराज फोटो घेऊन वडनेरला गेला. काजलची आई जयवंताबाई, त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून त्या घरात पळाल्या. रूपराव चष्मा लावून बघतच राहिले.

"मामाजी, चूक झाली माही..."

"चूप! खांदा काय भरला हाये! दात कसे हाये याचे?"

"कोनाचे?"

"बैलाचे ना बे! माह्ये दात मले ठाऊक हाये."

आठवडाभरात रूपरावांनी तो बैल विकत घेतला. "ज्याले बैल असा दिसते, त्याची नजर वाया नाई," म्हणून सोयरीकही पक्की करून टाकली.

आता फोटो त्यांच्या बैठकीत आहे. पाहुणा आला की रूपराव अभिमानाने बोट दाखवतात, "हा आपला नवा बैल."

"वा! अन् त्याच्या मधात हा मानूस कोन घुसला?"

रूपराव आतल्या घराकडे बघून आवाज खाली आणतात.

"फोटोग्राफरची चूक हाये. पन जावई पडला, बोलता येत नाई."