सरांचा शेवटचा मुद्दा

जगदेव सरांचा आवाज बसला तो भाषणाच्या आदल्या दिवशी, आणि बसवला तो भाषणानंच. 'मेंदूचे बाह्यक : रचना व कार्ये' हा विषय सर आठ दिवस न्हाणीत, अंगणात आणि जेवणाच्या ताटावर मोठ्यानं घोकत होते. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला, तर त्यांच्या पत्नी मंजुषाबाई उठून दाराबाहेर पाहून आल्या.

"कोन आलं?"

"मी बोललो."

"मले वाटलं फाटक वाजलं."

सरांनी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यात मेंदूचा धडा एकदाही पुरा झाला नव्हता. मेंदूला वळ्या का असतात, हा शेवटचा मुद्दा सुरू झाला की घंटा व्हायची. आणि घंटा नाहीच झाली तर पोरं खिडकीतून जायची. आता निवृत्तीनंतर चार वर्षांनी मेडशीच्या एका शाळेनं विज्ञान मेळाव्याला बोलावलं होतं. पूर्ण तास दिला होता. शेवटचा मुद्दा कोणीतरी बसून ऐकणार, एवढ्या आशेवर सरांचं सध्या बरं चाललं होतं.

"अवो, उद्याले आवाज राह्यला नाई तं काय हातवारे करसान?"

उपाय घरातच खुंटीला टांगलेला होता. त्यांच्या तीन एकर हरभऱ्याला घाटे भरले होते आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रोज शेताच्या बांधावर, धुऱ्यावर येऊन जेवण तयार आहे का ते पाहून जात होता. त्यासाठी मंजुषाबाईंनी भोंगा आणला होता. बटन दाबून त्यात एकदा ओरडून ठेवलं की तो तेच ते परत परत ओरडतो. बाईंनी मनापासून ओरडून ठेवलं होतं. सर तडक जीपनं रिसोडला गेले, त्याच दुकानातून दुसरा भोंगा घेऊन आले आणि उरलासुरला फाटका आवाज त्यात ओतून मोकळे झाले. "मुलांनो, शांत बसा" पासून "काही शंका?" पर्यंत, चाळीस मिनिटं.

दोन्ही भोंगे लाल आणि हुबेहूब सारखे. पण सर विज्ञानाचे शिक्षक होते. आधी विचार करून ठेवणं हे मेंदूच्या ललाट खंडाचं, म्हणजे कपाळामागच्या भागाचं काम, आणि सरांचं कपाळ तर आता टाळूपर्यंत पोचलं होतं. त्यांनी एका भोंग्याला हळदीचं बोट लावून ठेवलं. संध्याकाळी राखणीचा धनसिंग भोंगा न्यायला आला, तेव्हा खूण कशासाठी केली होती हे सरांना लख्ख आठवत होतं. कोणत्या भोंग्याला केली होती, तेवढंच आठवत नव्हतं.

"सर, कोनता नेऊ?"

"हळदीचा," सर ठामपणे म्हणाले. ठामपणा मेंदूच्या कोणत्या खंडात राहतो ते ठाऊक नाही, पण त्याचं माहितीशी जाणंयेणं नसावं.

दुसऱ्या दिवशी शाळेत दोनशे पोरं सतरंजीवर बसली होती. सरांनी फळ्यावर मेंदू काढला. पुढं ललाट खंड, वर पार्श्व खंड, मागं पश्चकपाल खंड. मग कानाच्या वरच्या भागावर खडू ठेवून ते उरलेल्या घशानं म्हणाले, "हा शंख खंड. ऐकलेला आवाज कोणाचा, हे इथं कळतं. आता ऐका." आणि बटन दाबलं.

"हाऽऽड! मुडद्या, फुकटाचं खायाले सोकावला काय रे! नींघ! परत दिसला तं टांगच तोडतो!"

मग पहिल्या रांगेतली संस्कृती उभी राहिली. ती सरांच्याच गल्लीतली.

"सर, वयखला! मंजुषाकाकूचा!"

शंख खंडाचं इतकं चोख प्रात्यक्षिक कुठल्याही शाळेत झालं नसेल. पोरांनी ते सहा वेळा परत लावायला लावलं आणि सातव्या वेळी घंटा झाली. शेवटचा मुद्दा राहिला तो राहिलाच.

मुख्याध्यापिका वैजयंतीबाई नारळ देताना हळूच म्हणाल्या, "सर, काकू घरी रोज असंच बोलतात?"

"रोह्यांसाठी आहे ते."

"हो, हो," बाई इतक्या मायेनं म्हणाल्या की पुढं खुलासा करण्यात अर्थ उरला नाही.

परतीच्या जीपमध्ये सरांच्या मांडीवर नारळ होता. अर्ध्या वाटेत त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बायकोचा आवाज इथं असेल, तर रात्रभर हरभरा राखायला वावरात होतं कोण? त्यांनी नारळ दोन्ही हातांनी धरला. आता तो देवाऐवजी मंजुषाबाईंपुढं ठेवावा लागण्याची शक्यता होती.

धुऱ्यावर मंजुषाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शेजारी धनसिंग आणि बाजूच्या वावराचे गुलाबराव.

"किती खाल्लं?" सरांनी लांबूनच विचारलं.

"एक घाटा नाई तुटला," मंजुषाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हतं.

खुरांचे ठसे धुऱ्यापर्यंत आले होते, तिथं घोळक्यानं थांबले होते आणि मग सगळेच्या सगळे मागं फिरले होते. फिरतानाचे ठसे चांगले खोल होते.

"माह्या भोंग्यात कुत्रं भुकते जी," गुलाबराव म्हणाले. "त्याले ते भेले नाई. पन तुमचं आयकून असे पयाले, असे पयाले, का माह्या हरभऱ्यातून आडवे गेले."

"कोणत्या मुद्द्यावर पळाले?" सरांनी धनसिंगला विचारलं. माणसाला कुठेतरी आशा असतेच.

"मले काय मालूम, सर? मले तं 'शांत बसा' झाल्याबरोबर झोप लागली. तुमी सोता देल्ला, मले वाटलं रोह्याईसाठीच भरलं असन."

"बत्तीस वर्सं पोट्टे बी पयतच होते," मंजुषाबाई म्हणाल्या. "तवा ध्यानात नाई आलं, का याचा वावरात उपयोग व्हते."

गुलाबरावांनी तिथंच आपला भोंगा पुढं केला. "सर, माह्यातलं कुत्रं काढा अन् तुमी बसा जी."

आठवडाभरात शिवारातल्या अकरा भोंग्यांत सर बसले. दिवस मावळला की चारी दिशांनी त्यांचा मेंदू सुरू व्हायचा. कोणी कोणी तो दिवसाही बंद करीत नसे. एके दुपारी निंदणाऱ्या मनकर्णाबाईंनी गुलाबरावांना वावरातूनच सुनावलं, "मालक, तुमचा ललाट खंड काम नाई करून राह्यला! पानी कवाचं धुऱ्याभाईर चाललं!" हे कानावर आलं त्या दिवशी सर दोन पोळ्या जास्त जेवले.

नवव्या दिवशी सकाळी धनसिंग धावत आला. "सर, चाला. बाई, तुमी बी चाला."

हरभऱ्यात कळप होता. अर्धा एकर साफ झाला होता आणि आता सगळे रोही पाय मुडपून ऐसपैस बसले होते. रवंथ चाललं होतं. कान भोंग्याकडे होते.

"सवय," सर हरखून म्हणाले. "तोच आवाज पुन्हा पुन्हा आला, त्यातून वाईट काही झालं नाही, की मेंदू त्याला भ्यायचं सोडून देतो. शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर हे फार..."

"अर्धा एकर गेला," मंजुषाबाई म्हणाल्या. "सरका. बंद करतो तो मेंदू."

त्या खांबाशी पोचल्या, तेवढ्यात भोंग्यातून सरांचा फाटका आवाज आला : "आता शेवटचा मुद्दा. मुलांनो, मेंदूला वळ्या का असतात?"

सरांनी त्यांचा हात धरला. "दोन मिनिटं."

"काहून?"

"तेवढा मुद्दा होऊ दे."

मंजुषाबाईंनी हरभऱ्याकडे पाहिलं, कळपाकडे पाहिलं, सरांच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात खाली घेतला. भोंगा सांगत होता, की बाह्यक म्हणजे दोन ते चार मिलिमीटर जाडीचा थर. पसरला तर उशीच्या अभ्र्याएवढा व्हायचा. आता अभ्रा तांब्यात कोंबला तर चुरगळेल की नाही? तसंच कवटीत मेंदूचं झालंय. एका मोठ्या रोह्यानं रवंथ थांबवलं.

"काही शंका?" भोंग्यानं विचारलं.

कोणीही उठून गेलं नाही. सरांनी डोळे पुसले.

"झालं?"

"झालं."

मंजुषाबाईंनी भोंगा बंद केला, पदर खोचला आणि स्वतःच्या तोंडानं एकदाच ओरडल्या, "हाऽऽड!"

शाळा सुटावी तसा कळप उधळला. धूळ खाली बसली तेव्हा सरही धुऱ्याच्या पलीकडे उभे होते. अडतीस वर्षं रोज ऐकूनही, या एका आवाजाची त्यांच्या मेंदूला अजून सवय झाली नव्हती.