अतिदुर्गम, पण डांबरी

“हळू चाल रे ढवळ्या, पुढं नाल्याचा दगड, वाट खुराले ठावी, तिले नोको रे कागद.” बैलबंडी हाकताना बाप गायचा, तो आवाज तीस वर्षांनीही उमेंद्रच्या कानात होता. तरी चिचगडच्या रानातल्या त्याच वाटेने आज तो मोबाइलला विचारून जीप हाकत होता.

उमेंद्र एका कंपनीत ‘क्षेत्र-चाचणी सहायक (हंगामी)’ होता. कंपनीचे ‘रानवाट’ ॲप हौशी जीपवाल्यांना बिकट वाटा दाखवणार होते. आज अतिदुर्गम वाटेची नोंद झाली, तर ‘हंगामी’ कंसातून निघणार होते. न झाली, तर उमेंद्र कंपनीतून. ॲपच्या सतरा पानी अटी त्याने तुम्ही-आम्ही वाचतो तितक्याच बारकाईने वाचल्या आणि ‘मान्य’ दाबले.

पहिल्याच खड्ड्यात डोके छताला आपटले. ॲप म्हणाले, “आपण डांबरी रस्त्यावर आहात. वेग वाढवावा.”

त्याने ऑफिसला फोन लावला.

“सर, रेकॉर्ड में पक्की सड़क है,” रुची मॅडम म्हणाल्या. “टेस्ट पाहिजे, तर सड़क सोडा ना.”

युक्तिवाद बिनतोड होता. उमेंद्रने वाट सोडली आणि जीप शेजारच्या शेतात, गावच्या बकाराममामाच्या धानाच्या बांधीत घातली. “अभिनंदन! अतिदुर्गम!” ॲप हरखले. परवाच रोवलेल्या धानात चारही चाके बसली. मदतीचे बटण दाबले, तर उत्तर आले: “पक्का रस्ता वीस फुटांवर आहे. मदत नामंजूर.”

बकाराम बैलजोडी घेऊन धावत आला. “काऊन गा, एवढी वाट सोडून माह्या धानात काऊन घुसलास?”

“मामा, मोबाइलात ही वाट डांबरी हाये.”

“मोतीबिंदू झाला का त्याले? खोडून टाक ते!”

उमेंद्रने ‘रस्ता नाही’ अशी तक्रार केली. ॲपने तत्परतेने रस्त्याच्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला उघडून मोठ्याने वाचला: ‘रस्ता ग्रामस्थांनी समक्ष चालून पाहिला. समाधान झाले.’ खाली सही, शेजारी आंगठा. तक्रार टिकायची, तर सही करणाऱ्यानेच आपली सही खोटी ठरवावी, अशी अट होती. उमेंद्र स्क्रीनवरचा चिखल पुसू लागला. नेमका सहीवरचाच निघेना.

दोर बांधता बांधता बकाराम करवादला, “अकरा साल झाले रस्त्याची वाट पाहून. दवाखान्यात नेता नेता माही नात याच वाटेत खाटेवर जन्मली. कोन्या बेइमानाची सही हाये, सांग!”

उमेंद्रने सहीवर बोट ठेवले. बैलांनी हिसका दिला, जीप वाटेवर आली. “आपण डांबरी रस्त्यावर आहात,” ॲप म्हणाले. “चाचणी रद्द.”

उमेंद्रने सहीवरचे बोट उचलले. “माही हाये, मामा. सरपंचाकडे पोहे होते. सगळे म्हणाले कर, तं केली. वाचलो नाही.”

बकाराम आपल्या बैलाच्या मानेवरचा चिखल निपटू लागला.

“बाजूले आंगठा हाये का?”

“हाये.”

“तो माहा. पोहे मी दोनदा घेतलो होतो.”