स्वेटरच्या पुढे ठेवलेला ब्रेड

ब्रेड फ्रीजरमध्ये ठेवायचा, हा निर्णय मी नीट विचार करून घेतला होता. (मी नीट विचार केला की घरचे सावध होतात.) आमच्या घरात माणसं दोन, आणि ब्रेड घ्यावा तर अख्खा. अर्धा संपेपर्यंत उरलेल्यावर हिरवे ठिपके. मला बुरशीची फार भीती वाटते. तशी मला लिफ्टची, इंजेक्शनची आणि दार वाजलं की दाराचीही वाटते, पण बुरशी पोटात जाते. कुणीतरी सांगितलं, ब्रेड आणल्या आणल्या गोठवून टाका, लागेल तसे स्लाइस काढा, टोस्टरमध्ये घाला, ताजाच्या ताजा. त्याच संध्याकाळी मी ब्रेड घेऊन घरी आलो.

अडचण एकच होती. आमच्या फ्रीजरवर मालकी बायकोची. ती रफूचं काम करते. लोकरीच्या कपड्याला कसर लागली की तो पांढऱ्या पिशवीत घट्ट बांधून ती काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवते. थंडीनं कसरीची अंडी मरतात. मग रफू, आणि खात्रीसाठी पुन्हा फ्रीजर. लोकांच्या फ्रीजरमधून आइस्क्रीम निघतं, आमच्या फ्रीजरमधून मफलर.

"ठेवा," ती म्हणाली, "पण माझ्या कपड्यांना हात लावू नका."

मी कपड्यांना हात लावला नाही. फक्त तिची एक पांढरी पिशवी घेतली, कारण ती हवाबंद होती.

रविवारी ती बहिणीकडे निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "तुमच्या मोठ्या साहेबांचा स्वेटर झालाय. त्यांचा ड्रायव्हर येईल. फ्रीजर उघडला की सगळ्यात पुढची पिशवी. जमेल ना?"

आमचे साहेब ओरडत नाहीत. ते नुसता चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला की समोरच्याची तळघरात बदली होते. तळघरात जुनं रेकॉर्ड आहे, ओल आहे, झुरळं आहेत, आणि खाली गेलेला माणूस परत वर आल्याचं कुणाला आठवत नाही. मागच्याच आठवड्यात माझं एक टिपण वाचताना साहेबांनी चष्मा अर्ध्या नाकापर्यंत आणला होता. तेवढ्यात फोन वाजला म्हणून वाचलो.

बायको गेल्यावर मी ब्रेड बाहेर काढला, दोन स्लाइस टोस्टरला लावले आणि पिशवी बांधून पुन्हा आत ढकलली. पुढेच. मागे जागा करायची तर कपड्यांना हात लावावा लागला असता.

मग दार वाजलं. दारात खुद्द साहेब. मी बनियनवर.

"ड्रायव्हर सुट्टीवर आहे," ते म्हणाले. "स्वेटर."

मी फ्रीजरकडे धावलो, सगळ्यात पुढची पिशवी उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढ्यात धरली. साहेबांनी ती दाबून बघितली.

"फार कडक झालाय."

"फ्रीजरमधला आहे ना साहेब. जरा बाहेर ठेवलात की मऊ पडेल."

"आईने विणलाय," ते म्हणाले. "ती येतेय आज. अंगात आहे की नाही ते दारातच बघते." एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं आणि घाईनं गेले.

आपण वाचलो, या आनंदात मी आणखी दोन स्लाइस खायचे ठरवले. पिशवी काढली, गाठ सोडली, आणि आतून निळी बाही बाहेर लोंबली.

पुढचं नीटसं आठवत नाही. खुर्चीत बसलो होतो आणि कानात झुरळं फिरल्यासारखं वाटत होतं, एवढं आठवतं. मग शर्ट चढवला, वाटेत थोडा तरी उबदार होईल म्हणून स्वेटर शर्टाच्या आत पोटाशी घातला (उबदार तो झाला नाही, मीच गार पडलो) आणि साहेबांच्या घरापर्यंत पळत सुटलो.

दार साहेबांनीच उघडलं. मागे सोफ्यावर एक इवलीशी म्हातारी बसून ब्रेड खात होती.

"आणलात? वाळत घातलाय म्हणून सांगितलंय," साहेब कुजबुजले. आमचे साहेब, आणि कुजबुजले! मी पोटाकडे बोट दाखवलं. त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. मी बटणं काढली, त्यांनी स्वेटर ओढून घेतला, डोक्यातून घातला आणि बर्फाच्या पाण्यात पडल्यासारखा श्वास घेतला.

"कोण आलंय रे?" बाहेरून आवाज आला.

"ऑफिसातले आहेत, आई."

"मग स्वयंपाकघरात काय करतायत?"

आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे. आईंनी आधी स्वेटरचं कोपर चोळून बघितलं. भोक कुठे होतं ते त्यांना सापडलं नाही. साहेबांनी हळूच सुस्कारा सोडला. मग आईंनी माझ्याकडे बघितलं.

"हा एवढा का थरथरतोय? तू ओरडतोस का रे याच्यावर?"

"नाही आई."

"खरं सांग बाळा," त्या मला म्हणाल्या, "घाबरू नकोस."

मी जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. "साहेब फार प्रेमळ आहेत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"बघ, बोलताही येईना बिचाऱ्याला. लहानपणी शेजारच्या पोरांनाही तू असाच छळायचास. पुन्हा असं काही दिसलं तर कान धरीन."

त्यांनी माझी बाजू घेतली, तिथेच माझा निकाल लागला. आपल्या आईकडून बोलणी खाताना ज्यानं बघितलं, त्याला कुठला साहेब वरच्या मजल्यावर ठेवील?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चष्मा टेबलावरच होता.

"आई महिनाभर राहणार आहे," ते म्हणाले. "रोज विचारणार, तो घाबरट मुलगा कसा आहे म्हणून. ती आहे तोवर तुम्ही इथेच."

"आणि नंतर, साहेब?"

त्यांनी जिन्याकडे बघितलं. खाली जाणाऱ्या.

तेव्हापासून मी त्या माउलीच्या मुक्कामावर जगतोय. गाड्या रद्द झाल्याची बातमी आली की मला बरं वाटतं. काल साहेब महिन्याभरात पहिल्यांदा शीळ घालत आले, तेव्हाच समजलो. आई रविवारी निघतायत.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं आधी विचारलं, "पण रफू दिसला नाही ना त्यांना?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. मग माझीही दया आली असावी. तळघरात गारठा असेल, म्हणत तिनं माळ्यावरून माझा स्वेटर काढला. मी उलगडून बघितला. दोन्ही कोपरं कसरीनं साफ खाल्लेली, पाठीतून खिडकी दिसत होती.

"रफू करून देशील?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकांचं आधी," ती म्हणाली. "आणि तळघरात तुम्हाला बघायला कोण येणारे?"